शाळेतला जर्मन क्लब: पिसाची टोपी आणि बिअरचे मग सोडून काय करता येईल?

पलासियाची_मीनल (धागाकर्ती)

इंदूरकर आणि बाहेरचे, दोघांनीही सुचवा.

माझी मुलगी इथल्या एका सीबीएसई शाळेत नववीत आहे. पूर्वी शाळेत सहावी ते आठवी तिसरी भाषा म्हणून जर्मन घेता यायची. आता त्या जागी संस्कृत आली आणि जर्मन वेळापत्रकातून उठून शनिवारच्या क्लबात जाऊन बसली. मुलं तीसेक, नववी ते अकरावी. शिकवणाऱ्या मॅडम एकट्या. मी लग्नाआधी पुण्यात जर्मन शिकले होते आणि नंतर नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं श्टुटगार्टला काढली, म्हणून त्यांनी मला मदतीला ओढलं.

नोव्हेंबरात 'जर्मन दिवस' करायचा आहे. मुलांच्या बैठकीत निघालेली यादी: ऑक्टोबरफेस्टचा देखावा, बिअरच्या मगांत सफरचंदाचा रस, पिसाच्या टोप्या, बीएमडब्ल्यू आणि फुटबॉलची पोस्टरं. इथवर ठीक. मग अकरावीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "मी मिशी लावून हिटलरचं भाषण करतो, सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडतील." आणि खरंच, नुसत्या कल्पनेलाच टाळ्या पडल्या. मॅडमनी 'बघू' म्हणून विषय बदलला.

अटी अशा: हॉल, माइक आणि थोडे पैसे शाळा देईल. खाणं शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. कार्यक्रम अडीच तासांचा. शिवाय जर्मनीतल्या एका शाळेतल्या मुलांशी आमच्या मुलांचा पत्रव्यवहार चालतो, त्यांना फोटो आणि व्हिडिओ पाठवायचे आहेत. म्हणजे इथे जे करू ते तिकडे दिसणार.

सराफ्यातला_भिया

सफरचंदाचा रस कशाला भिया? मगात शिकंजी भरा, आपली इंदूरची. टोपीला पीस नाही मिळालं तर सेवचं पाकीट खोचा. (गंमत करतोय, हलकेच घ्या.) वाचतोय.

तात्या_रामबाग

मीनलताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आपल्या इंदुरात होळकरांच्या काळापासून मराठी घरे आहेत. आज त्यांतली निम्मी मुले आजीशीसुद्धा हिंदीत बोलतात. 'अठ्ठावन्न' म्हटले की 'मतलब फिफ्टी एट?' असे विचारतात. मोडी सोडाच, देवनागरीतले मराठी वर्तमानपत्र त्यांना वाचवत नाही. अशा मुलांनी जर्मनीचे सोहळे करावेत याचे मला नवल वाटते. आधी घरचे झाले थोडे.

न्युर्नबर्गकर

तात्यांशी नंतर भांडतो, आधी यादीबद्दल.

ऑक्टोबरफेस्ट म्हणजे जर्मनी नव्हे. 1810 साली 12 ऑक्टोबरला बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि थेरेसे यांचं लग्न झालं, त्या आनंदात म्युनिकच्या वेशीबाहेरच्या कुरणावर घोड्यांच्या शर्यती झाल्या. तिथून हा मेळा सुरू झाला. आजही त्या मैदानाला थेरेसेचंच नाव आहे. आता तो सप्टेंबरातच सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आटोपतो, त्यामुळे नोव्हेंबरात तो करणं म्हणजे पितृपक्षात गणपती बसवणं. हॅम्बुर्गच्या माणसाला चामड्याची अर्धी चड्डी घालून उभं केलंत तर तो तुमच्याकडे बघतच राहील.

दुसरं, तारीख. 9 नोव्हेंबर टाळा, किंवा घेतलात तर पुरता घ्या. 1989 मध्ये बर्लिनची भिंत पडली ती याच तारखेला, आणि 1938 मध्ये देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली तीही याच रात्री. म्हणून तर एकीकरणाचा राष्ट्रीय दिवस 3 ऑक्टोबरला ठेवला आहे.

तिसरं, मिशी. इथे जर्मनीत नाझी चिन्हं किंवा तो सलाम सार्वजनिक ठिकाणी करणं दंडसंहितेच्या कलम 86अ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कला, शिक्षण, संशोधन यांना सूट आहे, पण टाळ्यांसाठी केलेली नक्कल त्यात बसवणं अवघड. कायदा बाजूला ठेवा. बव्हेरियातल्या शाळांची मुलं डाखाऊच्या छळछावणीच्या स्मारकाला जाऊन येतात, म्युनिकपासून जवळच आहे ते. तिथून परतलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीने तुमचा व्हिडिओ उघडला आणि समोर हा मुलगा दिसला, तर पत्रव्यवहार त्या दिवशी संपेल.

खजराना_एक्सप्रेस

पण काका, मुलं मुद्दाम नाही करत हो. आपल्याकडे स्टेशनबाहेरच्या पुस्तकांच्या ठेल्यावर हिटलरचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. 'कडक शिस्तीचा माणूस' एवढंच डोक्यात. शाळेत दुसरं महायुद्ध नववीत येतं, दोन मार्कांचे प्रश्न पाठ केले की झालं. त्या मुलाला ओरडू नका, त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

पलासियाची_मीनल

ओरडणार नाहीच. मी त्याच्याशी बोलले. त्याने मलाच विचारलं, "आंटी, मग मीम्समध्ये सगळे चालवतात ते?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

या निमित्ताने अजून एक विचारते. आमच्या कलाशिक्षिका प्रत्येक कार्यक्रमाला हॉलच्या दारात मोठी रांगोळी काढतात, मधोमध स्वस्तिक. दरवर्षीची पद्धत. फोटो तिकडे जाणार म्हटल्यावर आता त्याचं काय करायचं?

तात्या_रामबाग

करायचे काय त्यात? आमचे स्वस्तिक हजारो वर्षांचे. त्यांनी बारा-पंधरा वर्षे त्याची वाट लावली म्हणून आम्ही दारातली रांगोळी पुसायची? मुळीच नाही.

न्युर्नबर्गकर

तात्या, पुसा असं मीही म्हणणार नाही. इथे आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला पाटावर कुंकवाने स्वस्तिक काढतोच. पण पडदे उघडे ठेवून खिडकीत नाही काढत. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना दारात बोलावून सगळा इतिहास सांगत बसण्यापेक्षा ते बरं. शाळेच्या फोटोला ओळ लिहायला जागा असते, आणि लिहिणारी मुलं जर्मन शिकतायत. मग त्यांनाच लिहू द्या: हे चिन्ह आमच्याकडे कशाला काढतात, तुमच्याकडे त्याचं काय झालं, आम्हाला दोन्ही माहीत आहे. दहा वाक्यं. क्लबात यापेक्षा चांगला निबंधाचा विषय मिळणार नाही.

शोधयात्री

मीनलताई, त्या मिशीवाल्या मुलाच्या हातात इरावती कर्वे द्या.

आपण त्यांना लेखिका म्हणून ओळखतो. पण 1920च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करायला गेल्या होत्या. मार्गदर्शक ऑयगन फिशर, 1927 साली बर्लिनच्या दालेम भागात स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक. वंश आणि आनुवंशिकता यांवर त्या काळचा दबदबा असलेला माणूस, आणि पुढे नाझींच्या वंशशास्त्राला शास्त्राचं कातडं पुरवणाऱ्यांपैकी एक. 1933 मध्ये तो बर्लिन विद्यापीठाचा रेक्टरही झाला.

त्याचा सिद्धांत साधारण असा: गोऱ्या युरोपियनांची कवटी डावी-उजवीकडे जास्त असमान असते, कारण त्यांचा मेंदू तर्कासाठी अधिक विकसित. बाईंना वेगवेगळ्या वंशांच्या कवट्या मोजायला दिल्या. त्यांनी मोजल्या, आणि तसा फरक दिसत नाही असं प्रबंधात लिहून मोकळ्या झाल्या. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्याच माणसाच्या सिद्धांताविरुद्ध. फिशरने काठावरचे गुण दिले. पदवी मात्र मिळाली.

आता सांगा, दहा मिनिटांच्या नाट्यप्रवेशाला याहून मोठा प्रसंग कुठे मिळणार? एक टेबल, एक कंपासपेटी, मातीची कवटी, एक मराठी मुलगी आणि एक प्रोफेसर. अकरावीतल्या त्या मुलाला प्रोफेसर करा. मिशी लावायची हौसही भागेल.

सराफ्यातला_भिया

शेवटच्या वाक्याला हसून हसून पुरेवाट. पण कल्पना एक नंबर.

मुळाक्षरे

+1. यजमान दिनकर कर्वे यांनीही रसायनशास्त्रातली डॉक्टरेट जर्मनीतच केली होती. महर्षी कर्व्यांच्या घरात दोन-दोन जर्मन डॉक्टरेट!

अवांतर: टिळक आणि माक्स म्युलर हेही आठवलं. 1897 च्या राजद्रोहाच्या शिक्षेत टिळकांना सवलत मिळावी म्हणून ज्यांनी अर्ज केला त्यांत म्युलर होते, 1898 मध्ये टिळक सुटले. आणि आयुष्य ऋग्वेदावर घालवलेला हा माणूस भारतात एकदाही आला नाही.

अकरावी_ब

मी बडोद्याच्या शाळेत आहे, आमच्याकडेपण जर्मन क्लब आहे. मोठ्या लोकांनो, सॉरी, पण तुमचं ऐकून मला झोप आली. मॅक्सम्युलर आमच्याकडे दरवर्षी असतो, पुठ्ठ्यावर. कोणी वाचत नाही.

आम्हाला काय आवडलं ते सांगते. गेल्या वर्षी डेर-डी-दासची अंताक्षरी खेळलो. निळी, लाल, हिरवी चिठ्ठी, वस्तू दाखवली की तीन सेकंदांत योग्य रंग वर. चुकला की बाहेर. आमच्या घरी मराठी असल्यामुळे 'तो-ती-ते' सवयीचं आहे, म्हणून आम्ही तिघं शेवटपर्यंत टिकलो, हिंदीवाल्यांना तिसरं लिंगच झेपत नव्हतं. पण आम्हीपण फसलो, कारण तिकडे मुलगी 'दास' आहे!! दास मेडशन!

आणि टोप्या काढून टाकू नका प्लीज. फोटो काढायला काहीतरी पाहिजे. सगळंच डोकं वापरायचं असेल तर त्यासाठी शाळा आहे ना.

पलासियाची_मीनल

बाळा, एकदम मान्य. टोप्या राहतील. रंगीत चिठ्ठ्या आमच्या मॅडमना लगेच पाठवल्या.

पीथमपूर_शिफ्टवाला

सगळं छान चाललंय, पण पालक म्हणून विचारतो. क्लबचा फायदा काय? जर्मनीत शिक्षण फुकट आहे असं ऐकतो. मुलगा अकरावीत, गणित घेऊन. बारावीनंतर थेट जाता येईल का? त्या दिवशी यावर कोणी बोललं तर आम्ही पालकही येऊ, नुसती नाचगाणी बघायला सुट्टी मिळत नाही.

आखेनची_सई

मी इथे मास्टर्स करतेय, सध्याची स्थिती सांगते.

सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही, सहामाहीची वर्गणी तेवढी. ठळक अपवाद बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य, तिथे 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला 1,500 युरो पडतात. पण 'फुकट' म्हणताना राहण्या-खाण्याचं विसरू नका. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधी दाखवावे लागतात, महिन्याला 992 प्रमाणे सुटतात. भारतीयांना एपीएसचं प्रमाणपत्रही लागतं, कागदपत्रं तपासून देतात ते.

बारावीनंतर थेट प्रवेश सरसकट नाही. जेईई ॲडव्हान्स पास असेल तर संबंधित विषयांना अर्ज करता येतो. नाहीतर भारतातल्या मान्य विद्यापीठात एक वर्ष पूर्ण करून, किंवा इकडे जर्मनीत श्टुडिएनकोलेग नावाचं तयारीचं वर्ष करून. त्या वर्षाच्या प्रवेश परीक्षेलाच बी1-बी2, म्हणजे मधल्या पातळीची जर्मन लागते. शाळेतल्या क्लबात फार तर ए1, ए2 या सुरुवातीच्या पातळ्या होतील. 'फिट इन डॉइच' ही शाळकरी मुलांसाठीची परीक्षा आहे, त्याच पातळ्यांची: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. ती दिली तर पुढचा पाया होतो, व्हिसा नाही होत.

पीथमपूर_शिफ्टवाला

धन्यवाद ताई. कोचिंगवाल्याने यातलं अर्धंच सांगितलं होतं.

सांगीतिका

जुनं आठवलं. 2014 मध्ये केंद्रीय विद्यालयांतून तिसरी भाषा म्हणून असलेली जर्मन वर्षाच्या मध्येच काढली आणि संस्कृत आणली. किती गदारोळ! मर्केल बाईंनी ब्रिस्बेनच्या जी-20 परिषदेत मोदींपुढे विषय काढला होता. पुढच्या वर्षी जर्मन जादा भाषा म्हणून ठेवायचा करार झाला. माझा भाचा तेव्हा सातवीत. दिवाळीनंतर एकदम 'रामः रामौ रामाः'. संस्कृत वाईट म्हणून नाही, पण पोरांचं अर्धं वर्ष कोणी मोजलं नाही.

तात्या_रामबाग

संस्कृताबद्दल एक अक्षर ऐकून घेणार नाही. :)

छत्रीबागेतली_सावली

धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत मी विषय वळवते.

सगळे बर्लिन, म्युनिक, आखेन फिरून आले. इंदुरातलं जर्मनी कोणी बघितलंय का? माणिकबाग!

शेवटचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे), जन्म 1908 चा. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची ओळख एकार्ट मुथेसिउस नावाच्या बर्लिनच्या तरुण वास्तुरचनाकाराशी झाली. मुथेसिउस 1904 चा, म्हणजे दोघंही पंचविशीच्या आसपास. त्याचे वडील हेर्मान मुथेसिउस जर्मनीतले नावाजलेले वास्तुरचनाकार. 1930 मध्ये महाराजांनी कारभार हातात घेतला आणि माणिकबागेच्या राजवाड्याचं काम या मित्राला दिलं. 1933 पर्यंत राजवाडा तयार.

राजवाडा म्हटल्यावर डोळ्यांपुढे झुंबरं, कमानी, सोनेरी नक्षी येते ना? इथे उलटं. सरळ रेषा, काच, धातू, साधे रंग, खोल्या गार ठेवायची यंत्रणा. सामान बर्लिन-पॅरिसमध्ये बनवून बोटीने आणलेलं. त्या काळच्या नावाजलेल्या रचनाकारांच्या वस्तू: रुलमानचं मेज, आयलीन ग्रे आणि ल कॉर्बुझिएच्या खुर्च्या, लुई सोन्योचे काच आणि धातूचे पलंग. रोमानियाचा शिल्पकार ब्रांकुसी याच्याकडून महाराजांनी त्याची पक्ष्याची शिल्पं घेतली, त्यांच्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं. महाराणी संयोगिताराजे 1937 मध्ये फार लहान वयात गेल्या. मुथेसिउसने महाराजांसाठी रेल्वेच्या डब्याचं आतलं कामसुद्धा आखलं होतं.

सामानाचा मोठा भाग 1980 मध्ये माँटे कार्लोच्या लिलावात गेला. 2019 मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात यावर मोठं प्रदर्शन झालं. जगातले लोक तिकीट काढून आपल्या माणिकबागेचं सामान बघायला गेले आणि आपण रोज माणिकबाग रोडच्या पुलावरून हॉर्न वाजवत जातो. इमारतीत आता केंद्रीय जीएसटीचं कार्यालय आहे, त्यामुळे आत सहज जाता येत नाही.

क्लबाच्या मुलांनी त्या घराची माहिती जर्मनमध्ये लिहून तिकडच्या शाळेला पाठवली तर? बर्लिनच्या वास्तुरचनाकाराचं घर आमच्या गावात आहे म्हटल्यावर ती मुलं उत्तर दिल्याशिवाय राहणार नाहीत. ऑक्टोबरफेस्ट त्यांना घरीच मिळतो.

न्युर्नबर्गकर

हे मला स्वतःला माहीत नव्हतं, आणि मी जन्माने इंदूरचा! जबरदस्त. मीनलताई, बाकी सगळं सोडा, हेच करा.

तात्या_रामबाग

आता मला बोलणे भाग आहे.

मी त्याच खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षे माझे टेबल माणिकबागेतच होते. फायली, दुपारचा चहा, शिक्के, सगळे तिथेच. परदेशी पाहुणे अधूनमधून परवानगी काढून यायचे, भिंतीवरून हात फिरवायचे, दाराच्या मुठींचे फोटो काढायचे. आम्ही म्हणायचो, यांना कामधंदा नाही. बांधणारा जर्मन होता एवढे ऐकून होतो. इतके तपशील या वयात प्रथमच वाचतो आहे.

मुलांना घेऊन जायचे असल्यास शाळेच्या लेटरहेडवर आयुक्त कार्यालयाला अर्ज करावा लागेल. मसुदा मी करून देतो. कोणाला भेटायचे तेही सांगतो, व्यक्तिगत निरोपात. मात्र मुलांनी मराठीतही एक परिच्छेद लिहावा, एवढी अट.

सराफ्यातला_भिया

तात्या!! तुम्ही तर डायरेक्ट राजवाड्यात नोकरी केली!

पलासियाची_मीनल

तात्या, अट मंजूर. घरी मराठी असलेली आठ-नऊ मुलं आहेत, तीच लिहितील.

रसायन_मॅडम

खाण्याबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून मी. ब्रेत्सेल करा, तो वेढे घातलेला जर्मन पाव. मैदा, यीस्ट, मीठ, पाणी, थोडं लोणी; अंडं नाही. पण त्याचा तो तपकिरी चकचकीत रंग आणि विशिष्ट चव अल्कलीमुळे येते. जर्मन बेकरीत भाजण्याआधी कणकेचे वेढे कॉस्टिक सोड्याच्या साधारण चार टक्के द्रावणात बुडवतात. पृष्ठभाग अल्कलीयुक्त झाला की भाजताना प्रथिनं आणि शर्करा यांची अभिक्रिया जोरात होते, म्हणून तो रंग. शाळेत कॉस्टिक अजिबात नको, हात आणि डोळे दोन्ही जातील.

त्याऐवजी खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये 120-130 अंशांवर तासभर भाजा. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून त्याचा धुण्याचा सोडा होतो, साध्या सोड्यापेक्षा बराच तीव्र. तो पाण्यात विरघळवून वेढे क्षणभर बुडवा. हातमोजे घालाच, हेही त्वचेला झोंबतं. आणि ॲल्युमिनियमचं पातेलं चालणार नाही, अल्कली ॲल्युमिनियमला खाते. स्टीलचं घ्या. दहावीला रसायनशास्त्रात हाच सोडा आहे, मुलांना सूत्रासकट लिहायला लावा.

मुळाक्षरे

बटाट्याचं सॅलडही चालेल. अंड्याच्या मेयोनीजचं उत्तरेकडचं. तुमच्या श्टुटगार्टकडे मात्र रस्सा, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट आणि कांदा घालून करतात. भाज्यांचा रस्सा घेतला की शाळेच्या नियमात बसतं. गरमागरम बटाट्यांवरच रस्सा ओता, थंड बटाटे शोषत नाहीत.

सराफ्यातला_भिया

म्हणजे बटाट्याची कोशिंबीर. वर थोडी सेव?

मुळाक्षरे

नाही.

कंदील_काकू

नोव्हेंबरच ना? मग 11 तारीख घ्या, संत मार्टिनचा दिवस. माझी नातवंडं क्योल्नला असतात, दरवर्षी त्यांच्या कंदिलांचे व्हिडिओ येतात. मार्टिन हा रोमन सैनिक. थंडीत कुडकुडणारा भिकारी दिसला तेव्हा त्याने तलवारीने आपला झगा मधोमध कापून अर्धा त्याला दिला, अशी कथा. त्याच्या आठवणीत मुलं हाताने बनवलेले कागदी कंदील काठीला लावून संध्याकाळी गाणी म्हणत मिरवणूक काढतात, पुढे घोड्यावर मार्टिन.

आपल्याकडे तेव्हा दिवाळी मागेपुढे असतेच, आकाशकंदिलाचे बांबू आणि घोटीव कागद घरात पडलेलेच असतात. मेणबत्ती नको, एलईडीचे छोटे दिवे घाला. शाळेच्या मैदानाला एक फेरी. घोड्याचं मात्र तुमचं तुम्ही बघा.

खजराना_एक्सप्रेस

इंदुरात घोडा मिळत नाही असं कधी झालंय का? लग्नाचा सीझन, बँडवाल्याला फोन करा.

न्युर्नबर्गकर

घोड्यावर हसलो. अजून एक सुचवतो. पत्रमैत्रीतल्या मुलांना कचऱ्याबद्दल लिहा. जर्मन माणसाला वाटतं कचरा वेगळा करणं त्यांनीच शोधून काढलं. पिवळी पिशवी, कागदाचा डबा, जैविक डबा, काचही रंगानुसार वेगळी. त्यांना सांगा की तुमचं शहर स्वच्छतेत 2017 ते 2023 सलग देशात पहिलं आलं, घरातच ओला-सुका वेगळा होतो आणि ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा दिवसाला 550 टनांचा प्रकल्प देवगुराडियाला आहे. एकदा वापरायची प्लॅस्टिकची बाटली परत दिली की 25 सेंट मिळतात ही त्यांची पद्धत मुलांना खेळ म्हणून घेता येईल, रिकाम्या बाटल्यांचा स्टॉल लावा.

आणि 'जर्मन म्हणजे वक्तशीर' असं पोस्टर बनवणार असाल तर नका बनवू. 2024 मध्ये इथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम 62 टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते 'वेळेवर'च धरतात.

सराफ्यातला_भिया

मग आपली अवंतिका एक्सप्रेस काय वाईट आहे भिया.

पलासियाची_मीनल

खूप खूप आभार. काय ठरलं ते सांगते, कारण व्यक्तिगत निरोपांत बरेच जण विचारतायत.

तारीख 11 नोव्हेंबर, दुपारी साडेतीनपासून, म्हणजे शेवटी अंधारात कंदील निघतील. इरावतीबाईंचा प्रवेश होणार, संवाद अर्धे हिंदी अर्धे जर्मन, मुलींमध्ये बाईंच्या भूमिकेसाठी आत्तापासून भांडण आहे. अकरावीतल्या त्या मुलाने प्रोफेसर व्हायला नकार दिला. "मला खलनायक नाही व्हायचं," म्हणाला. त्याने ध्वनीव्यवस्था आणि व्हिडिओ घेतलाय. फिशर आता दहावीतला एक शांत मुलगा करतोय, फारच चांगला करतोय.

रांगोळीबद्दल कलाशिक्षिकांना मी काहीच सांगितलं नव्हतं. मुलांचं लेखन त्यांनी वर्गात ऐकलं आणि आपणहून म्हणाल्या की यंदा ज्ञानकमळ काढते. तरीही पत्र जाणारच आहे. मॅडमनी त्यातली जर्मन सुधारली नाही, फक्त क्रियापदं शेवटी नेली.

ब्रेत्सेलची चाचणी माझ्या ओव्हनमध्ये झाली. रसायन मॅडम, रंग मस्त आला. टोप्या आहेत. शिकंजी नाही.

माणिकबागेचा अर्ज गेलाय. एकच घोळ: क्लब शनिवारी, आणि कार्यालय शनिवार-रविवार बंद.

तात्या_रामबाग

शनिवारी कोणीही भेटणार नाही. मंगळवार किंवा बुधवार धरा, सकाळी अकरानंतर. सोमवारी बैठका असतात. मुलांची नावे, वर्ग, सोबतच्या शिक्षकांचे ओळखपत्र अशी यादी आठवडाभर आधी द्यावी. कॅमेऱ्याची परवानगी वेगळी मागावी, नाहीतर मोबाईल दारातच जमा होतील. बस आवारात आत सोडत नाहीत, बाहेर रस्त्यावर उभी करावी लागेल.

छत्रीबागेतली_सावली

मीनल, यादीत एक बाहेरचं नाव चालेल का? सोबतची पालक म्हणून येते हवं तर.

तात्या_रामबाग

चालेल, पण आधी कळवा. आयत्या वेळी नावे घालत नाहीत. माझेही घाला.